भीमामावशींचा काळा खडा

भीमामावशींचं मनगट दोन अंशांपेक्षा जास्त कधी चुकलं नाही. हे मी कौतुकाच्या भरात लिहीत नाही. माझ्या वहीत चाळीस नोंदी आहेत. तापवलेल्या बीकरला बाहेरून मनगटाची आतली बाजू लावायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचं, "विरजनाचं." मी थर्मामीटर बुडवायचो. एक्केचाळीस. पुढचा बीकर. "आंघुळीचं, पर म्हाताऱ्या मानसाच्या." सेहेचाळीस. त्यांच्या अशा प्रत्येक शब्दासमोर मी आधीच एक आकडा लिहून ठेवला होता; चाळीसपैकी एकतीस वेळा फरक एका अंशाच्या आत होता, नऊ वेळा दोनच्या आत. आमच्या प्रयोगशाळेत त्या वेळी सहा थर्मामीटर होते आणि त्यांचं आपापसांतही एवढं जमत नव्हतं.

मी अकोले तालुक्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा प्रयोगशाळा सहाय्यक आहे. वजनं, मापं, नोंदवह्या हे माझं काम आणि खरं सांगायचं तर हाच माझा स्वभाव. भीमामावशी आमच्याकडे परिचर होत्या. त्यांचे यजमान कॉलेजचे रखवालदार. ते गेल्यावर त्यांच्या जागी मावशींना घेतलं. शिक्षण चौथी. गाव भंडारदऱ्याच्या अलीकडची एक वाडी. रोज राजूरमार्गे येणाऱ्या एस.टी.ने यायच्या आणि परीक्षानळ्या धुवायच्या, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती.

रसायनांची नावं त्यांनी पाठ केली नाहीत, पण बाटली कधी चुकली नाही. प्रत्येकाला त्यांनी त्याच्या वागण्यावरून नाव दिलं होतं. सल्फ्युरिक आम्ल म्हणजे 'चावरं'. अमोनिया 'रडवं'. आयोडीन 'डागाळं'. एकदा एका मुलीने पाण्यात आम्ल ओतायच्या ऐवजी आम्लात पाणी ओतायला घेतलं, तेव्हा त्या लांबून ओरडल्या, "ए बाय! चावऱ्याच्या तोंडात पानी घालू नगं, चावऱ्याला पान्यात सोड!" मी तो नियम अकरावीपासून वाचत आलो होतो. इतका स्पष्ट कुठे वाचला नव्हता.

आता खड्याकडे येतो.

मी रुजू होण्याआधीची गोष्ट, पण ती मी आमच्या जुन्या विभागप्रमुखांकडून, दातीर सरांकडून, पुष्कळदा ऐकली आहे. तेव्हा ब्युरेट आणि चंबू धुवायला नारिंगी द्रावण वापरत. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल. ते विषारी, मावशींच्या उजव्या हातावर त्याचे तीन पांढरे डाग अजून आहेत. एका हिवाळ्यात ते वापरलेलं द्रावण, चंबूंतलं उरलेलं स्पिरिट आणि विसळलेलं पाणी हे सगळं मागच्या शेडमध्ये एका टवके उडालेल्या तामचिनीच्या परातीत साठलं आणि विसरलं गेलं. दोन आठवड्यांनी मावशी परात रिकामी करायला गेल्या, त्या तशाच परत आल्या.

"सर, परातीत जांभळं आल्यात."

दातीर सर शेडमध्ये गेले आणि पँटची पर्वा न करता जमिनीवर बसले. परातीच्या तळाला काळे, टोकदार, आठ बाजूंचे खडे होते. उन्हात धरल्यावर त्यांच्या कडेतून लालसर जांभळा उजेड येत होता. क्रोम तुरटी. पोटॅशियम, क्रोमियम, सल्फेट आणि पाणी यांचं मीठ. पुस्तकात ती करायची कृती दीड पानाची आहे, बर्फ ठेवायला सांगितलं आहे, थेंबाथेंबाने स्पिरिट घालायला सांगितलं आहे. आमच्याकडे ती अकोल्याच्या थंडीने आणि विसरभोळेपणाने केली. सरांनी मावशींना समजावून सांगितलं, की नारिंगी होतं ते विष, स्पिरिटने त्याचं रूपांतर या जांभळ्यात झालं. हे तितकं वाईट नाही, पण हात धुवायचेच.

"आन ह्याच्यात चमक कुठनं आली?" मावशींनी विचारलं.

सर म्हणाले, "ते मला नीट सांगता येणार नाही."

हे उत्तर मावशींना फार आवडलं. सर निवृत्त झाल्यावरही त्या सांगायच्या, "दातीर सर लई खरं मानूस. ठावं न्हाई ते न्हाई म्हनायचे."

त्याच खड्यांतला ज्वारीच्या दाण्याएवढा एक निर्दोष दाणा सरांनी निवृत्तीच्या दिवशी मावशींच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "वाढवून बघा." मी तेव्हा नवा होतो, तिथेच उभा होतो. मावशींनी आपल्या डोक्याचा एक केस उपटला, दाण्याला गाठ मारली आणि दाणा क्रोम तुरटीच्या घट्ट द्रावणात सोडला. पुढे केसाला भार पेलेना तेव्हा धरणावरच्या मासे धरणाऱ्यांकडून नायलॉनचा तंगूस आणला.

हे काम मी सात वर्षं पाहिलं. रोज सकाळी आल्यावर चप्पल बाहेर, पदर खोचलेला, आणि पहिलं काम बरणी. तळाला नवे बारीक खडे धरलेले असत, ते चमच्याने काढायचे. "पिल्लं काढावीच लागत्यात. न्हाईतर ती आईचं पित्यात." बाष्पीभवन जास्त होऊ नये म्हणून तोंडावर गाळणकागद, त्याला सुईने भोकं, उन्हाळ्यात चार, पावसाळ्यात अकरा. नवं द्रावण करायचं तर विरजणाच्या ऊनपणापुढे न्यायचं नाही, मग मीठ विरघळायला दुपार गेली तरी चालेल. कुणी घाई केली तर म्हणायच्या, "पळवलं की ढग धरतो." आणि खरंच, एखाद्या आठवड्यात खडा भराभर वाढला, तर त्याच्या आत धुरकट थर दिसायचा. मावशी तो थर दाखवून सांगायच्या, "ह्यो त्या लग्नाचा आठवडा. मी चार दिस न्हवते, तुमी भरलं हुतं."

या खड्याच्या शंभर ग्रॅममध्ये त्रेचाळीस ग्रॅम पाणी असतं. ओलावा नव्हे, दगडाच्या बांधणीतच बसलेलं पाणी. हे मी मावशींना आकड्यांत सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'पिल्लां'तला एक खडा कोरड्या परीक्षानळीत घालून वर्गासमोर तापवला. नव्वदच्या आसपास खडा वितळला, आपल्याच पाण्यात. मुलं थक्क झाली. मावशी म्हणाल्या, "वरनं थेंब घातला न्हाई. ज्याचं त्याच्यापाशीच आसतंय." वितळलेलं ते पाणी गर्द हिरवं होतं.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत खड्याचं वजन चारशे बारा ग्रॅम होतं. प्रत्येक कड पावणेआठ सेंटिमीटर. आठ बाजू, बारा कडा, सहा टोकं, आणि सहाही टोकं शाबूत. मे महिन्याच्या अखेरीस मावशी साठ पूर्ण होऊन निवृत्त होणार होत्या. त्यांनी विभागप्रमुख मॅडमना एकच गोष्ट मागितली होती: कार्यालयाबाहेरच्या काचेच्या कपाटात, जिथे प्राध्यापकांच्या ढाली आणि मानचिन्हं आहेत, तिथे खडा ठेवायचा. "येक टोक बी फुटकं नसलं, तरच ठेवा. फुटका ठेवू नका. माझ्या हाताखालनं गेलेलं बाकी समदं धुवून पुसून संपलं. येवढं येक ऱ्हाईल." मॅडमनी हो म्हटलं, आणि सुताराकडून वर घट्ट काचझाकण असलेली लाकडी बैठकही करवून घेतली.

चूक मी केली.

मला वाटलं, निवृत्तीच्या आत खडा साडेचारशेवर न्यावा. विद्राव्यतेचं कोष्टक काढलं. पंचवीस अंशांना शंभर मिलिलिटर पाण्यात सुमारे चोवीस ग्रॅम, तापमान वाढवलं की कितीतरी अधिक. एका शनिवारी मावशी गेल्यावर खडा बाजूला काढला, तीन लिटर द्रावण सत्तर अंशांपर्यंत नेलं, हिशेबाप्रमाणे नवं मीठ विरघळवलं, पूर्ण थंड केलं आणि खडा पुन्हा सोडला. तापवल्यावर हे द्रावण हिरवं होतं, हे मला ठाऊक होतं. पुस्तकात पुढचं वाक्य असं होतं, की थंड झाल्यावर ते पुन्हा जांभळं होतं. त्या वाक्यात आकडा नव्हता. किती दिवसांनी, हे लिहिलं नव्हतं, आणि आयुष्यभर आकड्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या मी त्या दिवशी ते विचारलं नाही. इतकं घट्ट द्रावण हिरवं असो की जांभळं, बरणीत काळंच दिसतं.

सोमवारी सकाळी मावशींनी बरणीपाशी जाऊन कागद उचलला. मग बरणी तिरकी केली. काचेवर द्रावणाचा पातळ थर आला. हिरवा.

"कढावलं व्हय, भाऊ?"

"कढवलं नाही मावशी. सत्तरपर्यंत नेलं."

"सत्तर म्हंजी?"

"चहाच्या थोडं अलीकडे."

त्यांनी तंगूस वर ओढला. हिरव्या द्रावणातून जांभळा खडा वाढत नाही; उलट ते द्रावण खडाच खात सुटतं. दोन दिवसांत बारा कडा गोल झाल्या होत्या. सहा टोकांपैकी एकही टोक म्हणण्यासारखं राहिलं नव्हतं. ओढ्यातला गोटा असावा तसा तो दिसत होता. मी वजन केलं, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. दोनशे सत्त्याऐंशी. एकशे पंचवीस ग्रॅम गेले होते.

"मला इचारायचं हुतं," मावशी म्हणाल्या. दोष म्हणून त्या एवढंच बोलल्या, तेव्हाही आणि नंतरही.

मॅडमनी तोडगा सुचवला: स्टोअरमध्ये क्रोम तुरटीची बंद बाटली आहे, नवं द्रावण करा, उद्यापासून खडा पुन्हा भरायला लागेल, मेपर्यंत होऊन जाईल. हिशेब बरोबर होता. मी तो तिथल्या तिथे करूनही दाखवला.

मावशींनी ऐकून घेतलं. मग बरणीवर हात ठेवून म्हणाल्या, "मॅडम, ह्याच्या अंगातलं गेलंय कुठं? हितंच हाय की, ह्या पान्यात. त्ये असताना दुसरं घालून ह्याला भरायचं व्हय?"

"पण मावशी, हे कधी परतेल ते माहीत नाही. महिना लागेल, चार लागतील. पुस्तकात नाही."

"मला बी ठावं न्हाई," मावशी म्हणाल्या. "पर ह्ये नासलं न्हाई. दूध नासलं तर कळतं. ह्याला गारव्यात ठिवा, हात लावू नका, बगू."

चार महिने होते. परतलं नाही, तर कपाटातली लाकडी बैठक रिकामी राहणार होती आणि मावशी तशाच जाणार होत्या. हे त्यांना माझ्याइतकंच स्वच्छ दिसत होतं. तरी त्यांनी नव्या बाटलीचं झाकण उघडू दिलं नाही.

अकोल्यापेक्षा त्यांच्या वाडीला गारवा जास्त. म्हणून ते तीन लिटर द्रावण पांढऱ्या कॅनमध्ये भरून, झाकणावर फडकं बांधून त्यांनी एस.टी.तून नेलं. मी कॅनवर मोठ्या अक्षरांत 'पिऊ नये' लिहिलं आणि बसमध्ये चढवून द्यायला गेलो.

कंडक्टर म्हणाला, "काय हाय गं मावशे? रॉकेल आसंल तर खाली उतर."

"रॉकेल न्हाई रं बाबा. आजारी हाय, हवापालट करायला चाललंय."

"मग त्याचं बी तिकीट काढ."

"मांडीवर घेते. लेकराला तिकीट लावतोस व्हय?"

बस हसली. कॅन त्यांनी खरोखरच मांडीवर घेतला.

खडा त्यांनी पुसून, व्हॅसलिनचा हात फिरवून पिठाच्या छोट्या डब्यात घट्ट बंद करून ठेवला होता. उघडा राहिला तर त्याच्या अंगातलं पाणी उडून वर पांढरी भुकटी धरते. आणि दर सोमवारी त्या कॅनमधलं थोडं द्रावण बूच लावलेल्या परीक्षानळीत घेऊन यायच्या. मी त्या नळ्या तारीख घालून स्टँडमध्ये ओळीने लावल्या. पहिली नळी हिरवी. दुसरी हिरवी. तिसरीही हिरवी, मी ती पहिलीशेजारी धरून फरक शोधत राहिलो आणि मावशी माझ्याकडे बघत राहिल्या.

"दिसतंय का काय?"

"नाही."

"मग नगा ताण देऊ डोळ्यांला."

चौथी नळी गढूळ होती, पावसाळी डबक्यासारखी. पाचवी पाटीच्या रंगाची. सहाव्या सोमवारी मावशींनी पिशवीतून नळी काढली, पण मला दिली नाही. स्वतःच खिडकीशी नेऊन उजेडात धरली. कडेला अगदी हलका निळसर जांभळा होता. सातवी, वांग्याची साल उजेडात धरावी तशी. सातही नळ्या मी ओळीने पाहिल्या. पुस्तकातल्या एका वाक्याला एकोणपन्नास दिवस लागले होते. मी ते वाक्य वीस वर्षांपासून ओळखत होतो.

वीस मार्चला मावशींनी खडा पुन्हा सोडला, वाडीवरच, आतल्या खोलीत. बरणी पाण्याच्या घमेल्यात, भोवती ओलं गोणपाट. एकोणतीस एप्रिलला मी छोटा तराजू घेऊन गेलो. मावशींनी आधी भाकरी खायला लावली, मग हात धुवायला लावले, मग खडा काढला. टोकं परत आली होती. हे मी नीट सांगतो: गोल झालेला स्फटिक योग्य द्रावणात ठेवला की आधी आपल्या कडा भरून घेतो, सपाट बाजूंकडे नंतर वळतो. कुठे काय गेलं आहे, हे त्याला कुणी दाखवावं लागत नाही. वजन तीनशे सदुसष्ट. चाळीस दिवसांत ऐंशी ग्रॅम, म्हणजे रोजचे दोन. उरले पंचेचाळीस. मी मावशींना म्हणालो, "बावीस मेपर्यंत चारशे बारा होतात. नऊ दिवस हाताशी राहतात."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या आणि खडा अलगद आत सोडला.

एकतीस मेला निरोपाचा कार्यक्रम दुपारी होता. मावशी सकाळीच आल्या. नवं लुगडं, हातात पिठाचा डबा, दुसऱ्या हातात पांढरा कॅन. खडा टेबलावर ठेवला. काळा, कोरा, आठही बाजू आरशासारख्या. मॅडम टेबलावर वाकून बघू लागल्या. मी सहा टोकं मोजली. सहा. मग तराजूवर ठेवला.

तीनशे अठ्ठ्याण्णव.

मी पुन्हा शून्य करून ठेवला. तीनशे अठ्ठ्याण्णवच.

"मावशी, चौदा कमी आहेत."

"असू द्या."

"उष्णतेने मंदावला का?"

"न्हाई. चांगला चालला हुता."

मी कॅन हलवून पाहिला. द्रावण भरपूर होतं. एका थेंबात सुई बुडवून काचपट्टीवर टेकवली, तर बघता बघता कडेला जांभळे कण धरू लागले. वाढायला काहीच अडचण नव्हती. रोजचे दोन ग्रॅम धरले, तर तीनशे अठ्ठ्याण्णव चौदा-पंधरा मेच्या सुमाराला झाले असणार. त्यानंतर सोळा दिवस खडा पिठाच्या डब्यात होता. आठवडाभर आणखी राहू दिला असता, तर पुरा झाला असता. हा हिशेब मावशींनाही येत होता. बोटांवर येत होता.

मॅडम म्हणाल्या, "चौदा ग्रॅमनी काय होतंय? दिसतही नाही. ठेवू या कपाटात."

"ठिवा की," मावशी म्हणाल्या. "आज ठिवा. मंग भाऊ काढतील, चौदा ग्रॅम भरतील आन परत ठिवतील." माझ्याकडे न पाहता त्यांनी कॅन माझ्या टेबलाखाली सरकवला. "त्येवढं त्यांचं हाय."

मी वहीत वजन लिहिलं, तारीख लिहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचून तो कोरा सोडला.

कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. प्राचार्यांनी मावशींच्या प्रामाणिकपणाबद्दल सांगितलं. मावशी पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या; बोलायला सांगितलं तेव्हा उठून म्हणाल्या, "समद्यांनी हात धुवत जा," आणि बसल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनोद वाटला. मी त्यांच्या हातावरच्या तीन डागांकडे बघत होतो.

साडेचारच्या बसला मी पोहोचवायला गेलो. स्टँडवर बाजारची गर्दी होती. मावशींना खिडकी मिळाली. त्यांनी नारळ आणि शाल पायाशी ठेवली, शेजारच्या बाईला गाठोडं जरा पलीकडे सरकवायला सांगितलं आणि मग खिडकीतून बाहेर वाकल्या.

"भाऊ, उन्हाळ्यात हात लावू नका त्याला. पाऊस बी जाऊ द्या थोडा. पोळा झाला की सुरू करा."

"हो मावशी."

"आन पिल्लं रोज काढायची. रईवारी बी."

"रविवारीही येईन."

ड्रायव्हरने बस सुरू केली. मावशींनी आणखी काही सांगितलं, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी बसबरोबर चार पावलं चालत गेलो आणि मोठ्याने विचारलं, "काय म्हणालात?"

त्या आता शेजारच्या बाईशी बोलत होत्या. बस राजूरच्या रस्त्याला लागली. पोळ्याला अजून चौऱ्याण्णव दिवस होते.